काठीचं लग्न, गळ्यातलं लिंग आणि देवानं घडवलेला माणूस

संक्रांत जवळ आली की सोलापुरात कपाटातल्या पांढऱ्या बाराबंद्या बाहेर निघतात, नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, पेलण्याचा सराव सुरू होतो आणि गल्लोगल्ली एकच आरोळी ऐकू येते : ‘बोला, एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!’ आमच्याकडे शाळकरी पोरंसुद्धा ती बेंबीच्या देठापासून देतात. मग एखादा पुण्या-मुंबईचा मित्र सिद्धेश्वराच्या यात्रेला येतो, अक्षता सोहळ्याची गर्दी पाहतो आणि विचारतो, ‘हे काठीचं लग्न काय प्रकार आहे?’ सोलापूरकर नेमका तिथे अडखळतो. ‘अरे, परंपराच आहे बे ती,’ असं म्हणून शेंगाचटणीची पुडी मित्राच्या हातात देतो आणि विषय बदलतो.

उत्तर अवघड आहे हे खरंच. काठी, कुंभारकन्या, अडुसष्ट लिंगं, तळ्यातलं देऊळ या सगळ्यामागे बाराव्या शतकातल्या शरणांचा, म्हणजे लिंगायत परंपरा ज्यांना आपले संत मानते त्या शिवभक्तांचा, एक विचार उभा आहे. तो असा : देव डोळ्यांना दिसत नाही, पण माणूस अशा रीतीनं घडू शकतो की त्याच्या वागण्यातून, कामातून, नुसत्या असण्यातून देव इतरांना भेटावा. ऐकायला छान वाटतं. अडचण पुढे येते. घडवतं कोण? घडतं काय? आणि घडला आहे हे ओळखायचं कसं?

लिंगायत हा स्वतंत्र धर्म की हिंदू धर्मातला पंथ, वीरशैव आणि लिंगायत एक की दोन, हा वाद इथे काढत नाही. त्यात शिरलो तर मूळ प्रश्न बाजूलाच राहील.

घडवतो म्हणजे नक्की काय करतो?

या प्रश्नाला धर्मपरंपरांनी साधारण दोन तऱ्हेची उत्तरं दिली आहेत. पहिलं उत्तर म्हणजे माणूस जन्मतःच देवाचा ठसा घेऊन येतो. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव स्त्री आणि पुरुष दोघांनाही आपल्या प्रतिरूपात निर्माण करतो. त्या काळच्या पश्चिम आशियात हे विधान साधं नव्हतं. राजाला देवाचं प्रतिरूप म्हणत, आणि राजे दूरच्या प्रांतांत स्वतःचे पुतळे उभारत, म्हणजे इथे सत्ता कोणाची हे लोकांना कळावं. जे पद राजाचं होतं ते त्या ग्रंथानं प्रत्येक माणसाला देऊन टाकलं. पुढे ख्रिस्ती विचारवंतांनी म्हटलं की पापामुळे हे प्रतिरूप मळतं आणि देव माणसाला ख्रिस्तासारखं पुन्हा घडवत नेतो.

दुसरं उत्तर घडण्याच्या प्रक्रियेवर भर देतं. ठसा आत असेल, पण तो आपोआप दिसत नाही. त्यासाठी गुरू लागतो, रोजची साधना लागते, लोकांत राहावं लागतं आणि कधी कधी चांगली कानउघाडणीही लागते. शरणांचा मार्ग हा असा आहे. जन्मजात चैतन्याचा अंश ते मानतातच, पण त्यांचं लक्ष तो अंश हातापायांत, जिभेत आणि व्यवहारात कसा उतरतो याकडे जास्त असतं.

इथे सोलापुरी चादर आठवावी. जकार्ड मागावरच्या या चादरीची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते. एका बाजूला फुलाचा रंग लाल आणि जमीन पांढरी असेल तर उलट बाजूला फूल पांढरं आणि जमीन लाल, पण सूत तेच. शरणांच्या भाषेत एका बाजूला ‘अंग’, म्हणजे आपण, आपलं शरीर आणि मन. दुसऱ्या बाजूला ‘लिंग’, म्हणजे परमतत्त्व. दोघांचे धागे एकच आहेत असं हा विचार म्हणतो. नक्षी छापलेली असती तर दोन धुण्यांत गेली असती. एकादशीपुरता किंवा यात्रेपुरता आलेला भक्तिभाव तसा जातो, हे आपण पाहतोच.

गळ्यातलं लिंग कशासाठी?

मंदिरातलं लिंग सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते एका जागी असतं, त्याला गाभारा असतो, पुजारी असतो, दाराला कडी असते. आणि कडी असली की कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, हेही आलंच. बसवण्णांच्या काळी तर ते फार कडकपणे आलेलं होतं.

बसवण्णा हे कलचुरी राजा बिज्जळाच्या दरबारात खजिन्याचं काम पाहणारे मोठे अधिकारी. कलचुरींची आधीची राजधानी मंगळवेढा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, नंतरची कल्याण. मुंबईजवळचं कल्याण नव्हे, बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथे बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्यांनी इष्टलिंगाला केंद्रस्थानी आणलं. गुरू दीक्षा देताना हे छोटं लिंग शिष्याच्या हातावर ठेवतो. शिष्य ते आयुष्यभर अंगावर बाळगतो आणि पूजेच्या वेळी डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकाग्रतेनं पाहतो. मध्ये पुजारी नाही, दार नाही. बाईला वेगळा नियम नाही, विटाळ नाही.

बसवण्णांचं एक कन्नड वचन फार प्रसिद्ध आहे. (शरणांच्या गद्य-पद्याच्या मधल्या छोट्या रचनांना वचन म्हणतात.) त्याचा आशय असा : श्रीमंत लोक शिवाची देवळं बांधतील, मी गरीब काय बांधणार? माझे पायच खांब, देहच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. जे एका जागी उभं आहे ते कोसळेल. जे चालतं-फिरतं आहे त्याला नाश नाही.

उभ्या असलेल्याला ते ‘स्थावर’ म्हणतात आणि चालत्या-फिरत्याला ‘जंगम’. जंगम म्हटलं की आज आपल्याला लग्न लावायला येणारे स्वामी आठवतात. शरणांच्या विचारात मात्र त्याचा अर्थ पुष्कळ मोठा आहे : देवाचं असं रूप जे लोकांत वावरतं, बोलतं, भुकेलं असतं, दारात येऊन उभं राहतं. देवाची हजेरी जगात कशी दिसते, याचं त्यांचं उत्तर हे होतं. ती माणसाच्या रूपात दिसते, आणि ते माणूस बहुतेक वेळा आपल्या सोयीच्या वेळी येत नाही.

सहा पायऱ्या

घडण्याच्या या प्रवासाचे सहा टप्पे सांगितले आहेत. त्याला षट्स्थल म्हणतात. पुढच्या काळात पंडितांनी याचे इतके पोटभेद केले की एकशे एक स्थलांपर्यंत आकडा गेला. सामान्य वाचकाला सहा पुरे. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारचे मन्मथस्वामी यांनी सोळाव्या शतकाच्या आसपास हा सगळा विचार मराठीत आणला, म्हणून आपल्याकडच्या लिंगायत घरांत ही नावं अजून कानांवर पडतात.

पहिला टप्पा भक्त. इथे श्रद्धा आहे, पण ती नवी आहे. माणूस देवाकडे वळला आहे आणि त्यासाठी आपलं वागणं सुधारायला लागला आहे. दुसरा महेश. आता श्रद्धेची निष्ठा झाली. दुसऱ्याचं धन, दुसऱ्याची बायको, खोटी साक्ष, वजनात मारणं, यांपैकी कशालाही तो बधत नाही. माझ्या मते सगळ्यांत जास्त माणसं पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये अडकतात. श्रद्धा भरपूर, पण माप मारायची सवय तेवढी सुटत नाही.

तिसरा प्रसादी, आणि हा मला सगळ्यांत रोचक वाटतो. इथे माणूस जे जे मिळतं ते देवाचा प्रसाद म्हणून घेतो. हे म्हणजे गोडधोड खाऊन हात जोडणं नव्हे. प्रसाद म्हणून घ्यायचं तर दोन अटी आपोआप येतात. एक, जे देवापुढे ठेवायला लाज वाटेल ते घ्यायचंच नाही, मग ती लाच असो की लुबाडलेली जमीन. दुसरी, जे आलं ते एकट्यानं गिळायचं नाही, कारण प्रसाद वाटायचा असतो. आणि कडू घास आला तरी तो प्रसादच. ज्वारीचं पीक अवकाळीनं झोपलं तर तोही प्रसाद मानायचा का, असं शेतकरी विचारेल. शरण म्हणतील, हो, पण विमा कंपनीशी भांडूच नको असं आम्ही कुठे म्हटलं?

उरलेले तीन आतले आहेत, त्यामुळे त्यांवर बाहेरून फार बोलण्यात अर्थ नाही. प्राणलिंगी म्हणजे तळहातावरचं लिंग श्वासात आलं. शरण म्हणजे ‘मी करतो’ हा भाव गळाला आणि आनंद उरला. ऐक्य म्हणजे अंग आणि लिंग वेगळे दाखवता येत नाहीत. यात्रेतल्या आरोळीत ‘भक्त’ आणि ‘लिंग’ एका दमात येतात, म्हणजे पहिला टप्पा आणि शेवटी ज्याच्याशी एक व्हायचं ते लिंग, दोन्ही एकत्र. देणाऱ्यांना ते माहीत असतं की नाही, कोण जाणे.

तळं खोदणारा सिद्धराम

सिद्धांत पुरे. सोलापूरकराला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

बाराव्या शतकात सोलापूरचं नाव सोन्नलगी होतं. तिथे मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम, म्हणजेच आजचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, जन्मले. लहानपणी ते गुरं राखायचे, आणि घरच्यांना हा मुलगा जरा मंदच वाटायचा. एक दिवस रानात एक जंगम आला, मल्लय्या नावाचा. त्यानं भूक लागली म्हणून कोवळ्या ज्वारीचा हुरडा मागितला. खाऊन झाल्यावर पोटात आग होते म्हणाला आणि काहीतरी थंड मागितलं. कोणी ताक-आंबील सांगतं, कोणी दहीभात. पोरगा धावत घरी गेला, आईकडून घेऊन आला, तर मल्लय्या गायब. ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारत तो रानोमाळ फिरला, शेवटी श्रीशैलला निघालेल्या यात्रेकरूंबरोबर आंध्रातल्या मल्लिकार्जुनापर्यंत पोचला. तिथेही मूर्ती दिसली, मल्लय्या दिसला नाही. मग पोरानं कड्यावरून उडी टाकली आणि मल्लिकार्जुनानं त्याला वरच्या वर झेललं, अशी कथा आहे. तेराव्या शतकातल्या राघवांक या कन्नड कवीनं सिद्धरामांचं चरित्र लिहिलं; लोकांच्या तोंडी असलेल्या तपशिलांत फरक आहेत, गाभा हाच.

कथेवर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण तिची रचना बघण्यासारखी आहे. देव आधी भुकेला पाहुणा होऊन आला. मुलानं त्याला ओळखलं ते जेवू घालताना, आणि देवळात जाऊनही तो त्या पाहुण्यालाच शोधत राहिला.

श्रीशैलहून परतल्यावर सिद्धरामांनी गाव घडवायला घेतलं. मल्लिकार्जुनाची स्थापना केली, गावाभोवती अडुसष्ट लिंगं बसवली, अष्टविनायक आणि अष्टभैरव बसवले. आणि शिष्यांना हाताशी धरून प्रचंड तळं खोदलं. पावसाच्या बाबतीत आमचा जिल्हा कायम उधारीवर जगणारा. अशा गावात बाराव्या शतकात तळं खोदणं म्हणजे काय, ते टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आज सिद्धेश्वर मंदिर त्याच तळ्यात आहे.

इथे गोष्ट संपली असती तर ती एका थोर समाजसेवकाची झाली असती. पण मग अल्लमप्रभू आले.

अल्लमप्रभू म्हणजे कल्याणच्या शरणांमधले सगळ्यांत धारदार. शरणांच्या संवादांचं पुढे पंधराव्या शतकात संकलन झालं, त्यात हा प्रसंग रंगवून येतो. अल्लम सोन्नलगीला पोचले तेव्हा खोदकाम चालू होतं. त्यांनी विचारलं, ‘तो तुमचा वड्डर राम कुठे आहे?’ वड्डर म्हणजे माती-दगडाचं काम करणारी जमात. आपल्या गुरूला असं म्हटलेलं ऐकून शिष्य भडकले आणि त्यांनी दगड मारले. दगड अल्लमांना लागले नाहीत, भोवती रचले गेले. स्वतः सिद्धराम तापून आले. त्यांनी तिसरा डोळा उघडला, म्हणतात, आणि त्या आगीनं गाव होरपळायची वेळ आली. अल्लमांनी ती आग शांत केली.

मग दोघांचं बोलणं झालं. अल्लमांचा मुद्दा थोडक्यात असा होता : तू तळं बांधलंस, लिंगं बसवलीस, लोकांना पाणी दिलंस, सगळं चांगलं. पण एका हाकेनं तुला राग आला. म्हणजे देव तू गावाच्या चारी बाजूंना बसवलास आणि स्वतःच्या आत बसवायचा राहिला.

अल्लमांचं हे बोलणं मला अन्यायाचं वाटतं, हे सांगून टाकतो. तहानलेल्या गावाला पाणी देणाऱ्या माणसाला दगडफोड्या म्हणून हिणवायचं, आणि तेही श्रमाला देव मानणाऱ्या पंथातल्या माणसानं! शिवाय दगडफोड्या ही शिवी का असावी? पण कदाचित अल्लमांचा डाव तोच होता. शिष्यांना आणि गुरूलाही ती शिवी वाटली, यातच त्यांची परीक्षा झाली.

सिद्धरामांनी ते मान्य केलं, हे या गोष्टीतलं सगळ्यांत मोठं. ते अल्लमांबरोबर कल्याणला गेले. तिथल्या अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, बसले. वयानं लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतली. गावभर लिंगं स्थापून झालेल्या माणसानं एका तरुणापुढे हात पसरून एक छोटं लिंग घेतलं. अल्लम आणि चन्नबसवण्णा यांच्यानंतर त्या सभेचं सर्वोच्च आसन, शून्यसिंहासन, सिद्धरामांकडे आलं. पुढे ते सोन्नलगीला परतले आणि तिथेच समाधी घेतली. ती समाधी मंदिराच्या आवारात आहे.

आपण मघाशी तीन प्रश्न विचारले होते. त्यांतल्या ‘घडवतं कोण’ याचं उत्तर या गोष्टीत मिळतं. सिद्धरामांना भुकेल्या पाहुण्यानं घडवलं, तळ्याच्या कामानं घडवलं, एका अपमानानं घडवलं आणि एका धाकट्यानं घडवलं. देव घडवतो म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात हात असे वेगवेगळ्या माणसांचे असतात.

‘काम हाच देव’ : मालकांची सोय तर नाही ना?

‘कायकवे कैलास’ हे वाक्य सोलापुरात दुकानांच्या पाट्यांवरही दिसतं. कायक म्हणजे प्रामाणिक अंगमेहनत; तिच्यातच कैलास आहे, असा अर्थ. गिरणगाव म्हणून वाढलेल्या आणि आता यंत्रमाग, टॉवेल, विडी यांवर जगणाऱ्या शहरात कोणीही शहाणा माणूस लगेच विचारेल : म्हणजे बारा तास विड्या वळा, पाठ मोडा, आणि मजुरी मागू नका कारण कामातच कैलास आहे?

हा आक्षेप खरा आहे आणि या वाक्याचा असा वापर झालेलाही आहे. पण शरणांनी कायक एकटं ठेवलं नव्हतं. त्याला दासोह जोडला होता. दासोह म्हणजे आपल्या गरजेपुरतं ठेवून उरलेलं समाजाला परत देणं, आणि तेही उपकार न दाखवता. ही अट मजुरापेक्षा मालकाला जास्त अडचणीची आहे. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या जोडप्याची गोष्ट इथे लागू पडते. मारय्याचं कायक म्हणजे सांडलेले तांदूळ वेचून आणणं आणि त्यातून शरणांना जेवू घालणं. एक दिवस त्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मानं विचारलं, हा हव्यास कुठून आला? हे जिथून आणलेत तिथे टाकून या. भक्ताला इतकी आशा शोभत नाही. नवऱ्यानं ते ऐकलं. कामात देव आहे, पण कामातून होणाऱ्या साठ्यात नाही, हा फरक एका तांदूळ वेचणाऱ्या घरात ठरला.

आणि कोणतं काम उच्च, कोणतं नीच, हा भेद त्या सभेत पुसायचा प्रयत्न झाला. न्हावी हडपद अप्पण्णा, परीट माचय्या, नावाडी चौडय्या, चांभार हरळय्या तिथे बरोबरीनं बसत. त्याची किंमतही मोजावी लागली. हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं, तेव्हा राजानं दोघांच्या बापांना हत्तीच्या पायी देऊन मारलं, असं परंपरा सांगते. कल्याणमध्ये दंगल उसळली, बिज्जळाचा खून झाला, शरण पांगले. हे सगळं ११६७-६८ च्या सुमाराचं. देव प्रत्येकात दिसतो असं म्हणणं तोवर एवढं खुपलं नव्हतं. दिसतो तर मग सोयरीक करा, असं झालं तेव्हा खुपलं.

‘म्हणजे माणूसच देव झाला की!’

हा आक्षेप दोन बाजूंनी येतो. श्रद्धाळू म्हणतो, हा अहंकार आहे. नास्तिक म्हणतो, बुवाबाजीचं दार इथूनच उघडतं. दोघांचीही भीती रास्त आहे, दुसऱ्याची जरा जास्त.

षट्स्थलाचा क्रम पाहिला तर मात्र एक गोष्ट दिसते. शेवटच्या टोकाला पोचलेला माणूस ‘मी देव आहे’ असं म्हणायला उरतच नाही. तो ‘मी’ पाचव्या टप्प्यावरच गळालेला असतो. बसवण्णांसारखा माणूस आपल्या वचनांत स्वतःला वारंवार सगळ्यांत लहान म्हणवून घेतो. त्यामुळे एखादे महाराज आपल्यात देव असल्याचं स्वतःच जाहीर करत असतील आणि त्याची पावती फाडत असतील, तर ते या मोजपट्टीवर पहिल्या पायरीवरही बसत नाहीत. भक्तालासुद्धा आचार लागतो. शिवाय पाया पडून घेणाऱ्यालाही टोचणारा एखादा अल्लम या परंपरेत कायम असावा लागतो. ज्या बुवाला कोणी वड्डर म्हणायची हिंमत करू शकत नाही, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

मग काठीचं लग्न आणि ती कुंभारकन्या?

आता मित्राच्या प्रश्नाकडे. कथा अशी : सिद्धरामांच्या अंगणात सडा-रांगोळी करणाऱ्या एका कुंभाराच्या मुलीला त्यांच्याशी लग्न करायचं होतं. ते तर विरक्त. तिचा हट्ट मोडेना, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. नंदीध्वज हे त्या योगदंडाचं प्रतीक. पहिल्या दिवशी नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात, लिंगांना तेल लागतं, ते यण्णीमज्जन. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्यानंतर होम मैदानावर होम पेटतो, कारण कथेतली ती मुलगी शेवटी अग्नीत प्रवेश करते.

शरणांकडे एक सूत्र आहे : ‘शरण सती, लिंग पती.’ पाचव्या टप्प्यावरचा भक्त, मग तो पुरुष असो की स्त्री, स्वतःला वधू मानतो आणि लिंगाला वर. शरणांमधल्या कवयित्री अक्कमहादेवींनी राजाचं घर सोडून श्रीशैलच्या चेन्नमल्लिकार्जुनालाच नवरा म्हटलं, ते याच अर्थानं. तसं पाहिलं तर अक्षता सोहळ्यातली वधू म्हणजे स्वतः भक्त, आणि होम म्हणजे त्याचं वेगळेपण जळून जाणं. नंदीध्वजांच्या मानकऱ्यांत आणि विधींत वेगवेगळ्या जातींना वाटा आहे, तोही याच विचाराचा अवशेष असावा असं मला वाटतं.

एवढं सांगूनही एक काटा राहतो. प्रतीकाचा अर्थ कितीही उंच असला तरी गोष्टीत जळते ती बाई, आणि ती कुंभाराची. बाईला वेगळा नियम नाही म्हणणाऱ्या विचारानं हा शेवट कसा स्वीकारला? माझ्या मते कथा शरणांच्या विचारातून कमी आणि नंतरच्या समाजातून जास्त आली. सिद्धरामांच्या आयुष्यात ज्या गोष्टीला वजन आहे ती हुरडा मागणाऱ्या मल्लय्याची. यात्रेतून मात्र लग्नच जास्त लक्षात राहतं, कारण लग्न पाहायला लाखाची गर्दी जमते आणि हुरडा देताना पाहायला कोणी नसतं.

देवच न मानणाऱ्याचं काय?

शेवटचा प्रश्न, आणि हा यात्रेतल्या आरोळीहून अवघड आहे. देवाची हजेरी माणसातून दिसते म्हणता, तर जो देव मानतच नाही अशा माणसातून ती दिसते का?

उदाहरण पुन्हा आमच्याच गावचं घेतो. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर ते चीनला गेले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करायला. बाकीचे परत आले, ते तिथेच राहिले. आघाडीवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या, चिनी परिचारिकेशी लग्न केलं, १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले आणि त्याच डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे.

कर्मठ माणूस म्हणेल, यांना दीक्षा नाही, गळ्यात लिंग नाही, षट्स्थलात हे बसत नाहीत. नियमानं ते बरोबर आहे, आणि कोटणीसांना ओढून भक्त बनवायची घाई मलाही नाही. कम्युनिस्टाला मेल्यावर देवभक्त ठरवणं हा त्याच्यावर अन्यायच. पण बसवण्णांचं एक वचन आहे, ज्यात कशानं आतून आणि बाहेरून शुद्ध होतं आणि त्यांचा आराध्य देव कूडलसंगमदेव कशानं प्रसन्न होतो त्याची यादीच दिली आहे. चोरी करू नको. हत्या करू नको. खोटं बोलू नको. रागावू नको. दुसऱ्याचा तिटकारा करू नको. स्वतःची स्तुती करू नको. समोरच्याला दोष देऊ नको. यादी एवढीच आहे. तिच्यात पूजा नाही, लिंग नाही, आणि देव मानायलाच हवा अशी अटही नाही.